मेडिकलच्या वहीत नसलेला रकाना

(या भागाचा लिखित मजकूर. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, मधले 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे कापलेत.)

कानात इअरफोन आहेत, बहुतेक लोकलमध्ये उभे आहात, तर सुरुवातीलाच एक प्रश्न. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. माणूस मेडिकलमध्ये गेला आणि म्हणाला, "आत्ता दोनच दिवसांच्या द्या." आता सांगा, या माणसाकडे पैसे कमी आहेत हे सगळ्यात आधी कोणाला कळलं? डॉक्टर तर पुढच्या पेशंटकडे वळलेत. घरचे अजून कामावर आहेत. कळलं ते काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या मेडिकलवाल्याला.

आमच्या बुवापाड्यात, अंबरनाथ पश्चिमेला, संध्याकाळी सात ते दहा कुठल्याही मेडिकलपाशी उभं राहिलात तर अशी वाक्यं ऐकू येतील. कंपनीतून सुटलेली, नाक्यावरून परतलेली, चार घरची धुणीभांडी आटपून आलेली माणसं असतात. "अर्धी स्ट्रिप कापून द्या." "पगार झाला की बाकीच्या नेतो." "ती ताकदीची राहू द्या, तापाचीच द्या." प्रत्येक वाक्यात एक आजार असतो आणि एक अडचण असते. आजारावरचं औषध चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. अडचण कुठेच लिहिलेली नसते.

मी सॉफ्टवेअरवाला. बीटेक करून नोकरीला लागलो तेव्हापासून लोकांसाठी फॉर्म बनवतोय. मीटिंगमध्ये रोजचं भांडण एकच, हे फील्ड ठेवायचं का, आणि ठेवलं तर मँडेटरी करायचं का. त्या भांडणांतून मला एक गोष्ट पक्की कळलीय. फॉर्ममध्ये ज्याला रकाना नसतो, ते सिस्टिमच्या लेखी घडलेलंच नसतं. म्हणून आजचा इतिहास राजांचा आणि लढायांचा नाही, एका रकान्याचा आहे. टीबीच्या औषधासोबत आपल्याकडे काय काय लिहून ठेवलं गेलं, ते कोणी लिहिलं, आणि 'या माणसाच्या घरी जेवायला आहे का' हा प्रश्न त्यातून कधी गळला नि कधी परत आला, ते बघूया. या गोष्टीतलं एक महत्त्वाचं नाव आपल्या अगदी शेजारचं आहे, उल्हासनगरातलं. तिथे पोचायच्या आधी थोडं मागे जावं लागेल.

जेवण चिठ्ठीतून गेलं तेव्हा

औषधं नव्हती तेव्हा टीबीवर उपचार काय होता? मोकळी हवा, आराम आणि चांगलं खाणं. आपल्याकडे मिरज, पाचगणी ही नावं त्या काळी टीबीच्या आरोग्यधामांसाठी प्रसिद्ध होती. दूध, अंडी, विश्रांती हाच उपचार. अर्थात ज्याला परवडेल त्याला.

मग १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड टीबीवर वापरात आलं. टीबी गोळ्यांनी बरा होऊ लागला. आता प्रश्न असा होता की लाखो रुग्णांसाठी आरोग्यधामातल्या खाटा आणायच्या कुठून? १९५६ मध्ये मद्रासला एक प्रयोग सुरू झाला. सुमारे दोनशे गरीब रुग्ण घेतले. अर्ध्यांना आरोग्यधामात ठेवलं, अर्ध्यांना घरी राहूनच औषधं दिली. घरी राहणारे दाटीच्या वस्तीतले, जेवण बेताचं, कामधंदा चालूच. १९५९ मध्ये निकाल छापून आले तेव्हा जग चकित झालं. दोन्हीकडे रुग्ण जवळपास सारखेच बरे झाले होते.

हा निकाल खरोखर मोठा होता. त्याच्यामुळे टीबीचा उपचार श्रीमंतांच्या डोंगरावरून गरिबांच्या खोलीत आला. १९६२ मध्ये आपला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला तो याच पायावर, की जिल्ह्याच्या केंद्रात तपासा, औषध द्या, घरी पाठवा. पण त्यासोबत एक समजही घट्ट बसला. औषध पोटात गेलं की झालं, पोटात आणखी काय जातंय हा प्रश्न दुय्यम. जेवणाचा रकाना तिथे गळला.

किराणा, औषधाच्या खात्यावर

त्याच सुमाराला जगाच्या दुसऱ्या टोकाला बरोबर उलटी गोष्ट घडत होती. अमेरिकेत, मिसिसिपी राज्यातल्या माउंड बायू नावाच्या गावात, शेतमजुरी करणाऱ्या गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी १९६० च्या दशकात एक आरोग्य केंद्र उघडलं. तिथले डॉक्टर जॅक गायगर आणि त्यांचे सहकारी बघायचे की आजारी मुलांच्या आजाराचं मूळ भुकेत आहे. मग त्यांनी काय केलं? प्रिस्क्रिप्शनवर चक्क अन्न लिहायला लागले. चिठ्ठी घेऊन आई किराणा दुकानात जायची, सामान आणायची, आणि दुकानदार बिल लावायचा आरोग्य केंद्राच्या औषधखात्याला.

हे वरच्या अधिकाऱ्यांच्या कानावर गेलं. औषधाचे पैसे औषधावरच खर्च व्हायला पाहिजेत, असं म्हणत सरकारी माणूस येऊन थडकला. गायगरांचं उत्तर साधारण असं होतं, की वैद्यकाच्या पुस्तकात मी शेवटचं पाहिलं तेव्हा कुपोषणावरचं औषध अन्न हेच लिहिलेलं होतं.

हा किस्सा मला फार आवडतो, कारण त्यांनी नवी यंत्रणा उभारली नाही. चिठ्ठी तीच, औषधाचं खातं तेच. फक्त त्या खात्यात जे लिहायची कोणाची हिंमत नव्हती ते लिहिलं. माझ्या भाषेत सांगायचं तर जुन्याच फॉर्ममध्ये एक फील्ड वाढवलं.

डबा, ७८ डोस आणि एक खाडा

परत आपल्याकडे येऊ. घरी नेऊन औषध घेण्याची पद्धत चालू राहिली, पण बरेच रुग्ण उपचार मधेच सोडायचे. बरं वाटायला लागलं की गोळ्या बंद. १९९३ पासून नवी पद्धत आजमावली गेली आणि १९९७ मध्ये ती देशभर न्यायला सुरुवात झाली. डॉट्स. अर्थ सोपा, रुग्णाने गोळी कोणाच्या तरी डोळ्यांदेखत गिळायची.

त्या काळी प्रत्येक रुग्णाच्या नावाचा वेगळा डबा असायचा. सहा महिन्यांचं पूर्ण औषध त्यात, म्हणजे मधेच साठा संपला असं व्हायला नको. नव्या रुग्णाला आठवड्यातून तीन दिवस औषध, पहिल्या टप्प्यात २४ डोस, नंतर ५४, एकूण ७८. पहिल्या टप्प्यातला प्रत्येक डोस समोर घ्यायचा. पुढे आठवड्यातला पहिला डोस समोर, बाकीचे घरी, आणि रिकामी स्ट्रिप आणून दाखवायची. कार्डावर खूण करायची.

सिस्टिम म्हणून एकदम व्यवस्थित. पण आता बुवापाड्यातून विचार करा. सरकारी केंद्र सकाळी उघडणार, दुपारी बंद होणार. आपला माणूस फर्स्ट शिफ्टला, नाहीतर सकाळी नाक्यावर कामाची वाट बघत उभा. गोळी घ्यायला गेला तर खाडा. हजेरीवरच्या माणसाचा खाडा म्हणजे त्या दिवसाचे पैसे गेले. आठवड्यातून तीन दिवस सोडा, एक खाडासुद्धा घरात कळतो. शिवाय टीबीच्या केंद्राबाहेर रांगेत उभं राहायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला बातमी. कार्डावर 'डोस चुकला' असं दिसतं. का चुकला, त्याला जागा नाही.

उल्हासनगरच्या बाई

इथे उल्हासनगर येतं. तुम्हाला माहीतच असेल की हे शहर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत जागा मिळाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला त्या छावणीचं नाव उल्हासनगर झालं. त्याच १९४९ मध्ये सिंधमधून आलेले प्राचार्य के. एम. कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी मुंबईत शिक्षणसंस्था उभी केली. कुंदनानींच्या नावाचं फार्मसी पॉलिटेक्निक आज उल्हासनगरात आहे. घरदार मागे टाकून आलेल्या लोकांच्या गावात औषधांचं शिक्षण.

त्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवणाऱ्या प्रा. मंजिरी घरत. औषधांविषयीचं त्यांचं मराठी लिखाण तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनच्या कामातून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक साधी कल्पना राबवली. टीबीचा डबा मेडिकलमध्ये ठेवला तर? फार्मासिस्टला प्रशिक्षण द्यायचं. तो फुकट मिळणारं सरकारी औषध आपल्या दुकानात, आपल्यासमोर रुग्णाला देणार. आणि खोकल्याचं औषध मागायला पुन्हा पुन्हा येणाऱ्या माणसाला बाटली देऊन मोकळं न होता थुंकीच्या तपासणीला पाठवणार. या कामाचा अभ्यास २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे २०१२ मध्ये केंद्राचा क्षयरोग विभाग, फार्मसी कौन्सिल, औषध विक्रेत्यांची देशपातळीवरची संघटना आणि फार्मासिस्टांच्या संघटना यांच्यात करार झाला, की देशभर फार्मासिस्टना या कामात घ्यायचं.

आता यात गंमत बघा. औषध तेच, डबा तोच. बदललं काय? दुकानाची वेळ. मेडिकल रात्री दहापर्यंत उघडं. कामावरून येताना गोळी घेता येते, खाडा होत नाही. आणि मेडिकलच्या काउंटरपाशी तर सगळेच उभे असतात, कोण ॲसिडिटीचा आणि कोण टीबीचा हे कळत नाही. वेळ, हजेरी आणि अब्रू या तीनही गरजा औषधाच्या नव्हेत, माणसाच्या जगण्याच्या आहेत. कोणी त्यांना मोठं नाव दिलं नाही, पण काउंटरने त्या भागवल्या.

वही कोणासाठी?

यानंतर सरकारचं लक्ष मेडिकलकडे गेलं, पण वेगळ्या कारणाने. लोक अँटिबायोटिक्स आणि टीबीची औषधं मनाला येईल तशी घेत होते, जंतू औषधाला दाद देईनासे होत होते. म्हणून १ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' लागू झालं. यादीतली औषधं विकली की वेगळ्या वहीत नोंद करायची, आणि ती वही तीन वर्षं जपायची.

त्या वहीतले रकाने कायद्याने ठरलेत. औषध लिहून देणाऱ्याचं नाव आणि पत्ता, रुग्णाचं नाव, औषधाचं नाव, किती दिलं. परत ऐका. डॉक्टरचा पत्ता आहे. रुग्णाचं फक्त नाव आहे. फॉर्म बनवणारा म्हणून मला इथे लगेच कळतं की ही वही कोणासाठी बनवलीय. ती विक्रीवर नजर ठेवायला आहे, माणसापर्यंत पोचायला नाही. त्यात वाईट काही नाही, नजर ठेवायलाच हवी होती. पण अर्धी स्ट्रिप नेणारा माणूस त्या वहीत 'किती दिलं' या रकान्यात एक लहान आकडा होऊन बसतो, एवढंच.

मार्च २०१८ मध्ये केंद्राची अधिसूचना आली. टीबीची औषधं विकणाऱ्या मेडिकलनेही रुग्णाची माहिती सरकारला कळवायची, नाही कळवली तर दंडसंहितेच्या कलमाखाली शिक्षा होऊ शकते. त्याच अधिसूचनेत एक चांगली बाजूही होती. माहिती मिळाली की स्थानिक आरोग्य कर्मचाऱ्यांनी रुग्णाच्या घरी जायचं, समुपदेशन करायचं, उपचार पूर्ण होतायत का ते बघायचं. म्हणजे वहीतून माणसापर्यंत जायचा रस्ता निदान कागदावर तरी तयार झाला. पण धमकीखाली भरलेला फॉर्म कसा भरला जातो, हे ऑफिसात टाइमशीट भरणाऱ्या कोणालाही विचारा.

जेवण परत आलं

त्याच २०१८ च्या एप्रिलपासून निक्षय पोषण योजना सुरू झाली. उपचार चालू असेपर्यंत टीबीच्या रुग्णाच्या बँक खात्यात महिन्याला ५०० रुपये, खाण्यासाठी. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. दिवसाला हिशोब काढलात तर साधारण ३३ रुपये. फार नाहीत. पण १९५९ नंतर गळलेला रकाना सरकारी फॉर्ममध्ये परत आला, हे महत्त्वाचं. खाजगी डॉक्टरकडे उपचार घेणाऱ्यालाही हे पैसे मिळतात, अट एवढीच की त्याची नोंद निक्षय पोर्टलवर झालेली हवी.

आणि २०२३ मध्ये याला पक्का आधार मिळाला. झारखंडमध्ये 'रेशन्स' नावाचा मोठा अभ्यास झाला, तो लॅन्सेटमध्ये आला. २,८०० रुग्णांच्या घरातली १०,३४५ माणसं त्यात होती. रुग्णांना सगळीकडेच धान्य, डाळ, दूध पावडर, तेल दिलं. काही ठिकाणी घरच्यांनाही शिधा दिला. जिथे घरच्यांना शिधा मिळाला, तिथे त्यांच्यात नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं, आणि थुंकीत जंतू सापडणाऱ्या फुप्फुसाच्या टीबीचं ४८ टक्क्यांनी. मद्रासचा निकाल खोटा नव्हता, औषधाने रुग्ण बरा होतोच. पण त्याच खोलीत झोपणाऱ्या बाकीच्यांना वाचवायचं तर ताटात बघावं लागतं, हे झारखंडने दाखवलं.

याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट कळली. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचं वजन पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी होता. ही वजनाची गोष्ट लक्षात ठेवा, ती मला लागणार आहे.

पण विचारायचं कोणी, आणि कसं?

आता तुम्ही म्हणाल, मग मेडिकलवाल्यानेच विचारावं की सगळं. थांबा. काउंटरवर संध्याकाळी दहा माणसं हात पुढे करून उभी असतात. तिथे मोठ्याने "घरी जेवायला आहे का हो?" विचारलंत तर तो माणूस उद्यापासून दुसरं मेडिकल बघेल. शिवाय काउंटरवर दर वेळी शिकलेला फार्मासिस्ट असतोच असं नाही. २०११ नंतर महेश झगडे राज्याचे अन्न व औषध आयुक्त असताना 'दुकानात फार्मासिस्ट हजर पाहिजे' हा नियम कडक राबवायला घेतला, तेव्हा औषध विक्रेत्यांनी केवढा विरोध केला होता! २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत फार्मासिस्टने रुग्णाला काय काय समजावायचं याची यादी आहे. डोस, दुष्परिणाम, साठवण, डोस चुकला तर काय. सगळं औषधाबद्दल. आणि या समजावण्याचे पैसे दुकानदाराला कोणी देत नाही.

तरीही काउंटरवरून अवघड गोष्टी विचारायच्या वाटा लोकांनी शोधल्यात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये स्पेनच्या कॅनरी बेटांवर ठरवलं गेलं की घरात मारहाण सोसणाऱ्या बाईने फार्मसीत जाऊन 'मास्क १९' मागायचा. फार्मासिस्टला खूण कळायची, तो मदत बोलवायचा. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिटननेही फार्मसीत 'ॲनी' हा परवलीचा शब्द आणला. कारण सगळं बंद असताना मेडिकल उघडं होतं, आणि तिथे जायला बाईला कारण सांगावं लागत नव्हतं. थेट प्रश्न नाही, दुसऱ्याच कशाच्या आडून विचारलेला प्रश्न.

आपल्याकडे अशी आड काय असू शकते? मला वाटतं, वजनकाटा. काही मेडिकलबाहेर तो असतोच. "काका, वजन करून बघू का?" यात कोणाची अब्रू जात नाही. दर पंधरा दिवसांनी एक आकडा लिहायचा. औषध चालू आहे आणि वजन हलत नाही, किंवा उतरतंय, म्हणजे ताटात काहीतरी कमी आहे, नाहीतर गोळ्या चुकतायत, नाहीतर आणखी काही आजार आहे. तिन्हींत पुढचं वाक्य बोलायला कारण मिळतं. "निक्षयमध्ये नाव आहे का तुमचं? खात्यात पैसे येतात का?" एवढं विचारलं तरी पुष्कळ झालं. पैसे देणं, शिधा देणं हे फार्मासिस्टचं काम नाही. पण कोणाला गरज आहे हे त्याला आपल्या सगळ्यांच्या आधी दिसतं, आणि त्याने ते कोणाला सांगायचं याची ओळ आपल्या कुठल्याच वहीत अजून नाही. ती ओळ लिहिली जाईपर्यंत हे काम फार्मासिस्टच्या भलेपणावरच चालणार. आणि भलेपणा गर्दीच्या वेळी कमी पडतो, आमच्या सर्व्हरसारखा.

मागच्या सगळ्या इतिहासात एक गोष्ट मला सारखी दिसते. रकाना आपोआप येत नाही. माउंड बायूत डॉक्टरांनी भांडून आणला, मुंबईत फार्मासिस्टनी दुकानात डबा ठेवून आणला, झारखंडमध्ये संशोधकांनी शिधा मोजून आणला. प्रत्येक वेळी कोणीतरी आधी हाताने करून दाखवलं, फॉर्म नंतर छापला गेला.

जाता जाता कामाचं. तुमच्या घरात, चाळीत, कंपनीत कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. उपचार खाजगीत चालू असतील तर निक्षयमध्ये नोंद झालीय का ते डॉक्टरांना विचारा, कारण पोषणाचे पैसे त्या नोंदीवर अवलंबून आहेत. निक्षयचा टोल फ्री नंबर आहे १८००-११-६६६६. हा भाग तुमच्या ओळखीच्या मेडिकलवाल्या दादाला, ताईला पाठवा. त्यांचं यावर काय म्हणणं आहे ते व्हॉइस नोटवर ऐकायला मला खरंच आवडेल, विशेषतः 'हे जमणार नाही' म्हणणाऱ्यांचं. त्यातलं जे पटेल ते पुढच्या भागात वाजवू. भेटू मग!